‘रीकॅपिट्युलेशन’ आणि आपला उपसंहार

साहित्यसभांतून वाचल्या जाणाऱ्या निबंधांच्या शेवटी ‘उपसंहार’ या मथळ्याखाली जो मजकूर येतो, त्यात बहुधा तीन गोष्टींची सरमिसळ असते: आधी सांगितलेल्याची पुनरुक्ती, विवेचनातून न निघालेला एखादा निर्णय आणि ग्रंथकाराची स्तुती. याचे एक कारण आम्हांस असे दिसते की, इंग्रजीत ‘रीकॅपिट्युलेशन’ व ‘कन्क्लूजन’ हे दोन शब्द आपापले वेगळे काम सांभाळीत असता आपण दोहोंनाही उपसंहाराच्याच दावणीस बांधले आहे.

‘रीकॅपिट्युलेशन’च्या पोटात मस्तकवाचक ‘कापुत’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचे लघुरूप ‘कापितुलुम’. पुढे त्यालाच ग्रंथाचे प्रकरण हा अर्थ आला. तेव्हा विषयाची शीर्षे पुन्हा एकवार मोजून दाखविणे एवढेच या शब्दाचे मूळ काम. इ. स. च्या पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वाचार्य क्विंटिलियन याने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागात त्याचे प्रयोजन सांगितले आहे: न्यायाधीशाच्या स्मरणास उजाळा मिळावा व सगळे प्रकरण एकदम त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहावे. हे शक्य तितके थोडक्यात असावे, लांबल्यास ते दुसरे भाषणच होईल, अशी ताकीदही तो देतो. ऐकणाऱ्यास मागचे पान उलटता येत नाही, म्हणून हा उपचार. ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायाच्या आरंभी मागील नऊ अध्यायांचा जो आढावा आहे तो याच जातीचा. तेथेही समोर श्रोते आहेत, आणि तो ग्रंथाच्या शेवटी नसून मध्ये आहे. चार पानांच्या छापील निबंधास मात्र असल्या आढाव्याची गरज काय, हे आम्हांस उमगलेले नाही.

जीवशास्त्रात हेकेलने १८६६ साली या शब्दास दिलेला अर्थ निराळा; तो सिद्धान्त त्या रूपात आता मान्य नाही, व आपल्याला त्याचे कारणही नाही.

मराठीत या अर्थी ‘गोषवारा’ हा फारसीतून आलेला, दप्तरात मुरलेला शब्द आहे. साहित्यिकांना तो कारकुनी वाटतो. आमच्या मते तोच त्याचा गुण. जमाखर्चाच्या गोषवाऱ्यात, आत ज्याची नोंद नाही अशी एकही रक्कम येऊ शकत नाही. हीच कसोटी निबंधास लावली तर ‘असा कवी पुन्हा होणे नाही’ यासारखी किती वाक्ये गळून पडतील!

‘निष्कर्षा’ची गोष्ट वेगळी. न्यायशास्त्रातील पंचावयवी वाक्यात पहिली प्रतिज्ञा व शेवटचे निगमन वरवर एकच बोलतात: पर्वतावर अग्नी आहे. परंतु मध्ये हेतु, उदाहरण व उपनय येऊन गेल्याने पहिल्यास जो नुसता पक्ष होता तो शेवटी सिद्ध झालेला असतो. ही पुनरुक्ती नव्हे.

आणि उपसंहार? त्याचा एक जुना अर्थ मागे घेणे, आवरणे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अर्जुनास सोडलेल्या अस्त्राचा उपसंहार करता येतो, अश्वत्थाम्यास येत नाही. मीमांसक ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना उपक्रम आणि उपसंहार यांचा मेळ पाहतात. म्हणजे जे विवेचन पसरले ते त्याच्या आरंभाशी आणून आवरणे. हा शब्द गोषवाऱ्याच्या कामी खर्ची घालणे आम्हांस उधळेपणाचे वाटते.

राहिला वर्ग. पाठाच्या टाचणात ‘रीकॅपिट्युलेशन’ या पायरीस आपण ‘उजळणी’ म्हणतो, ते योग्यच. भांडे उजळले म्हणून नवे भांडे होत नाही. पण पुष्कळ शिक्षक या पायरीवर सारा धडा स्वतःच पुन्हा सांगून टाकतात. उजळावयाचे आहे ते मुलांचे स्मरण. म्हणून फळ्यावरील मुद्दे आधी पुसावेत, मग प्रश्न विचारावेत, आणि उत्तर येईपर्यंत खडू खाली ठेवावा.