केरेर आणि साबेर : स्पॅनिश प्रेमगीतातली दोन क्रियापदं

तत्त्वज्ञानाचा मास्तर प्रेमगीतांवर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. पण प्रेम म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न प्लेटोइतका जुना आहे, आणि मेक्सिकोतल्या दोन बोलेरोंमध्ये त्याची दोन वेगळी उत्तरं सापडतात. बोलेरो म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्यूबात रुजलेला आणि पुढे मेक्सिकोत बहरलेला, संथ लयीचा प्रेमगीताचा प्रकार. आजच्या स्पॅनिश पॉपमधल्या हळव्या गाण्यांची नाळ बरीचशी तिथे जाते.

स्पॅनिशमध्ये प्रेम व्यक्त करताना रोजच्या बोलण्यात 'ते केरो' म्हणतात. यातलं क्रियापद 'केरेर'. त्याचा अर्थ प्रेम असणं, आणि हवं असणंही. मंडईत किलोभर कांदे मागायलासुद्धा हेच क्रियापद चालतं! मराठीत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' आणि 'मला तू हवीस' ही दोन वाक्यं वेगळी राहतात. स्पॅनिशमध्ये ती एकात मिसळतात, आणि इथेच गोम आहे. हवं असणं हेच जर प्रेम, तर हवं ते मिळाल्यावर त्याचं काय होतं?

'सिम्पोझियम'मध्ये सॉक्रेटिस हाच पेच टाकतो. जे आपल्याजवळ आहे त्याची इच्छा कशी धरणार? धरली, तर ते उद्याही राहावं एवढीच. आता कोन्सुएलो वेलास्केसचं 'बेसामे मूचो' बघा. १९४० च्या सुमाराचं हे गाणं लिहिलं तेव्हा आपलं कुणी चुंबनही घेतलेलं नव्हतं, असं ती सांगत असे. गाण्यात प्रिय व्यक्ती अगदी जवळ आहे, तरी आर्जव थांबत नाही, कारण उद्याच्या ताटातुटीची भीती आहे. जे हातात आहे ते हवंसं राहावं म्हणून आधी ते कल्पनेत गमवावं लागतं. 'केरेर'चं याहून चोख गाणं मला माहीत नाही.

आल्वारो कारिय्योचं १९५९ चं 'साबोर आ मी' वेगळ्या जागी उभं आहे. कारिय्यो ओआहाका प्रांतातला, शिक्षणाने कृषितज्ज्ञ. त्याच्या गाण्यात सहवास घडून गेलेला आहे, मागणं जवळजवळ संपलंय. मी तुझा मालक नाही, मी कुणीच नाही, असं म्हणत तो एवढंच सांगतो की तुझ्या ओठांवर माझी चव राहील. 'साबोर' म्हणजे चव. त्याच्याच कुळातलं 'साबेर' हे क्रियापद चव असणं आणि जाणणं हे दोन्ही अर्थ वागवतं. म्हणजे प्रेम इथे हवं असण्याकडून जाणण्याकडे, चाखलेलं मुरण्याकडे सरकतं. सॉक्रेटिसचा पेच सुटतो असं मी म्हणणार नाही, पण तो निदान मागे पडतो.

मात्र एक खोट आहे, ती लपवू नये. मालकी नको म्हणणारा हा माणूस हजारो वर्षं टिकणारा शिक्का मारून जातो! 'मला गर्व नाही' हे तर गाण्यातलं सगळ्यात गर्विष्ठ वाक्य. आपल्याकडे अभिनवगुप्ताच्या मते रसास्वादात 'माझं-तुझं' गळून पडतं. कारिय्योच्या चवीवर मात्र शेवटपर्यंत 'माझी' अशी चिठ्ठी आहे. मला ही खोट आवडते. ती नसती तर गाणं संतवाणी झालं असतं, प्रेमगीत राहिलं नसतं.

लुइस मिगेलने १९९७ च्या 'रोमान्सेस'मध्ये ही दोन्ही गाणी गायली. गळा देखणा, पण व्हायोलिनांचा थर इतका जाड, की दोन्ही गाणी एकाच पाकात घोळल्यासारखी लागतात. मागणारा कोण आणि निरोप घेणारा कोण, हे कळतच नाही. याउलट १९६४ मध्ये एडी गोर्मेने लोस पांचोस या त्रिकुटाबरोबर केलेलं 'साबोर आ मी' ऐका. ती अमेरिकन, घरात ज्यूंची जुनी स्पॅनिश बोलली जायची. साथीला गिटारी आणि रेकिंतो, म्हणजे त्या त्रिकुटातल्या आल्फ्रेदो हिलने घडवलेली वरच्या सुराची छोटी गिटार. ती कुठेही आळवत नाही, नुसतं सांगून टाकते. आता तेच ध्वनिमुद्रण आधी लावू या, मग लुइस मिगेलचं. प्रश्न त्यानंतर घेऊ.