पक्षादेश शिरसावंद्य!

मराठीत नाटकाचं परीक्षण होतं, कादंबरीचं होतं, हल्ली तर मिसळीचंही होतं. पण दर निवडणुकीला ज्याचे प्रयोग गावोगाव होतात, त्या नाराज कार्यकर्त्याच्या भाषणाचं परीक्षण कुणी करत नाही. बिचाऱ्या वाङ्मयप्रकारावर हा अन्याय आहे. मी हडपसरचा असल्यामुळे तो दूर करायला मला लांब जावं लागत नाही.

कथानक थोडक्यात सांगतो. २०१४ साली इथून भाजपचे योगेश टिळेकर निवडून आले. २०१९ साली राष्ट्रवादीच्या चेतन तुपे यांनी त्यांना तीन हजारांहूनही कमी मतांनी हरवलं. २०२३ साली राष्ट्रवादी फुटली, तुपे अजित पवारांकडे राहिले आणि २०२४ साली तेच महायुतीचे उमेदवार झाले. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्यांनी तुप्यांच्या विरोधात घसा बसवला, त्यांनीच आता तुप्यांसाठी घसा बसवायचा! पलीकडे तरी काय वेगळं? प्रशांत जगतापांच्या बाजूच्या जुन्या मंडळींनी १९९९ पासून छातीवर घड्याळ मिरवलेलं. आता त्याच घड्याळाला पाडण्यासाठी तुतारी फुंकणं आलं.

अशा भाषणाची भाषा ठरलेली असते. 'माझी नाराजी व्यक्तीवर नव्हती', 'आम्ही शिस्तीचे शिपाई', आणि शेवटी 'पक्षादेश शिरसावंद्य'. उमेदवाराचं नाव येतं, पण चहात पडलेल्या माशीसारखं. वक्ता ते बोटाने अलगद बाजूला काढतो. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे बिनइंजिनाचं विमान दोर लावून खेचलं की वर जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. या भाषणाचंही तसंच. आतून काही चालत नसतं, दोर मात्र ताणलेला असतो.

पूर्वी थोरामोठ्यांनी यातून सुबक वाट काढली होती. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते संजीव रेड्डी. त्यांच्या अर्जावर खुद्द इंदिराबाईंची सही होती. पुढे त्यांनीच सदसद्विवेकबुद्धीने मत द्या म्हटलं आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. पंतप्रधानांना विवेक परवडतो. वॉर्डातल्या पोराला परवडत नाही.

माझी खरी तक्रार इथेच आहे. नेत्यांचं निभावून जातं; टिळेकर तर जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेवरही गेले. पण दारोदार पत्रकं वाटणाऱ्या पोराला त्याच गाडीतळावर, त्याच टपरीवर, त्याच माणसांसमोर चहा प्यायचा असतो. 'काय रे, मागच्या वेळी तर वेगळंच सांगत होतास!' असं कुणी म्हटलं, की तो बशीत बघतो. उमेदवारी पक्षाची असते, पण खर्ची पडतो तो याचा शब्द.

तुपे सुमारे सात हजार मतांनी निवडून आले. मनापासून दिलेलं मत एक आणि दातओठ खाऊन दिलेलं मतही एकच. यंत्राला नाराजी मोजता येत नाही. २०१३ पासून 'नोटा' आहे खरा, पण तो सगळ्यांवरच रुसलेल्यांसाठी. एकावर रुसून त्यालाच मत देणाऱ्याची सोय त्यात नाही.

परीक्षक म्हणून एवढंच सुचवतो : या भाषणात एका वाक्याची भर घालावी. 'मागच्या वेळी यांच्याबद्दल मी जे बोललो, त्यातलं अमुक खरं होतं आणि तमुक खोटं.' भाषण पडेल कदाचित. पण पोराला टपरीवर मान वर करून चहा पिता येईल.