'लेदरहेड्स' : खेळाचे नियम आणि नायकाची बातमी

जॉर्ज क्लूनी यांनी दिग्दर्शित केलेला 'लेदरहेड्स' (२००८) हा चित्रपट १९२५ मधील अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलच्या पार्श्वभूमीवरील प्रणयप्रधान विनोदपट आहे. येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे त्या नावाने ओळखला जाणारा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदत धावण्याचा तो खेळ आहे. डोक्यावर चामड्याची टोपी घालून खेळणाऱ्या त्या काळच्या खेळाडूंवरून चित्रपटाचे शीर्षक आले आहे.

चित्रपटाच्या आरंभी दोन मैदाने दिसतात. प्रिन्स्टन विद्यापीठाचा खेळाडू कार्टर रदरफर्ड प्रचंड गर्दीसमोर खेळतो. व्यावसायिक खेळाडू डॉज कॉनली मात्र मूठभर प्रेक्षक आणि चरणारे गुरू यांच्या साक्षीने चिखलात लोळतो. महाविद्यालयीन खेळाला प्रतिष्ठा आणि पैशासाठी खेळणाऱ्यांना उपेक्षा, हे त्या काळचे वास्तव दिग्दर्शकाने एकाही स्पष्टीकरणात्मक संवादाशिवाय मांडले आहे. डलुथचा संघ बुडतो आणि त्याचे खेळाडू खाणी-कारखान्यांतील कामावर परततात. हा भाग थोडक्यात येतो, परंतु संपूर्ण चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक भाग तोच होय.

संघ वाचविण्यासाठी डॉज लोकप्रिय कार्टरला व्यावसायिक खेळात आणतो. या कथानकामागे इतिहास आहे. इलिनॉय विद्यापीठाचा रेड ग्रेंज नोव्हेंबर १९२५ मध्ये आपला अखेरचा महाविद्यालयीन सामना खेळला आणि काही दिवसांतच शिकागो बेअर्स संघातून मैदानात उतरला. त्याचा व्यवहार पाहणारा सी. सी. पाइल आणि चित्रपटातील दलाल सी. सी. फ्रेझियर यांच्यातील नामसाधर्म्य योगायोगाचे नाही. ६ डिसेंबर १९२५ रोजी ग्रेंजला पाहण्यासाठी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सुमारे ७० हजार प्रेक्षक जमले होते.

तथापि चित्रपटाने इतिहासातील कार्यकारणभाव उलटा केला आहे. चित्रपटात सरकारी थाटाचा आयुक्त येतो, नियम आणतो आणि त्याबरोबर खेळातील मौज संपते. प्रत्यक्षात संघटनेची स्थापना १९२० मध्ये झाली होती आणि १९२१ पासून जो कार तिचे अध्यक्ष होते. 'आयुक्त' हे पद तर १९४१ मध्ये निर्माण झाले. विद्यार्थी ज्या वर्गात आहे तो वर्ग पदवीधर होईपर्यंत त्याला करारबद्ध करू नये, हा नियम १९२६ मध्ये, म्हणजे ग्रेंज प्रकरणानंतर आला. प्रथम बाजार आला, मग त्याला आवर घालणारा नियम आला. 'लेदरहेड्स' मात्र बाजाराच्या प्रतिनिधीला गमतीदार खलनायक करून सोडून देतो आणि उदासीचा सारा भार नियमांवर टाकतो. डॉजच्या ज्या फसव्या डावपेचांविषयी चित्रपट हळहळतो, ते आधीच रिकाम्या मैदानावर खेळले जात होते, याचा त्याला विसर पडतो.

नायिकेच्या बाबतीतही असाच पेच निर्माण होतो. 'शिकागो ट्रिब्यून'ची वार्ताहर लेक्सी लिटलटन (रेने झेलवेगर) कार्टरच्या युद्धपराक्रमाची सत्यता तपासण्यास येते. दारूच्या नशेत खंदकात झोपलेला हा सैनिक जाग आल्यावर जर्मन भाषेत शरणागतीचे शब्द ओरडला आणि भोवतालच्या जर्मनांनीच शस्त्रे टाकली, एवढाच तो पराक्रम. क्लूनी यांच्यापुढे १९३०-४० च्या दशकांतील जलद संवादांच्या विनोदपटांचा, विशेषतः हॉवर्ड हॉक्स यांच्या 'हिज गर्ल फ्रायडे'चा (१९४०) आदर्श असल्याचे जाणवते. डॉज-लेक्सी यांच्या शाब्दिक चकमकींत ती लय बऱ्याच अंशी साधलीही आहे. (कार्टरच्या भूमिकेतील जॉन क्रासिन्स्कीचा निरागस चेहरा या चकमकींत उगाचच भरडला जातो.) परंतु हॉक्स यांच्या हिल्डीचे बातमीकडे परतणे आणि प्रियकराकडे परतणे ही एकच कृती आहे, तिची लेखणी हेच तिच्या प्रेमाचे क्षेत्र आहे. लेक्सीच्या वाट्याला हे येत नाही. सुनावणीत कार्टर सत्य बोलतो ते तिच्या शोधामुळे नव्हे, तर डॉजने मारलेल्या थापेमुळे. ज्या स्त्रीने सत्य शोधून काढले, तिला ते सिद्ध करण्यासाठी पुरुषाच्या चलाखीवर विसंबावे लागते आणि पटकथेला त्यात काहीच वावगे वाटत नाही. विनोदपटाला लबाडी लागतेच. पण येथे लबाडी मोहक आणि सत्य कंटाळवाणे अशी वाटणी झाली आहे.

अखेरच्या सामन्यात मात्र दिग्दर्शकाला आपले द्रव्य गवसते. चिखलाने माखलेले दोन्ही संघ ओळखू येईनासे होतात आणि त्या गोंधळाचाच लाभ घेऊन डॉज आपली शेवटची युक्ती लढवतो. न्यूटन थॉमस सिगेल यांच्या छायाचित्रणातील जुन्या छायाचित्रांसारखी तपकिरी, उबदार छटा येथे लोपते. करडे आभाळ आणि चिखल एवढेच उरते. पोशाख, प्रसिद्धी आणि क्रमांक पुसले गेल्यावर मैदानात नायक कोणता आणि खाणीतून आलेला मजूर कोणता हे सांगता येत नाही. या दृश्यात नियम पाळणारे आणि मोडणारे यांचे भांडण गौण ठरते. पुढच्याच प्रसंगात डॉज आणि लेक्सी मोटरसायकलवरून निघून जातात. संघातील इतरांचे पुढे काय होणार, हे विचारण्यासाठी कॅमेरा थांबत नाही.