भिंतीच्या आतलं जाळं

मंडळी, 'देशाचं स्वतःचं बंदिस्त इंटरनेट असलं की बाहेरचा हल्ला आत येणारच नाही', हा युक्तिवाद आपण बऱ्याचदा ऐकतो. इराणने आपल्या राष्ट्रीय माहिती जाळ्याचं समर्थन असंच केलं. हा युक्तिवाद आपण आज आपल्या न्हावा शेवाच्या धक्क्यावर तपासून पाहू.

२७ जून २०१७. जेएनपीटीतल्या मर्स्क समूहाच्या जीटीआय टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. कारण 'नॉटपेट्या'. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला होता. आता बघा, तिथून तो आपल्या उरणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला कसा? मर्स्कच्या स्वतःच्या, खासगी जाळ्यातून! म्हणजे वेशीवर पहारा होता, पण आतल्या खोल्यांना कड्याच नव्हत्या. एका यंत्रातले पासवर्ड हाती लागले की शेजारची यंत्रं आपोआप पडत गेली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. सगळ्या खात्यांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरपैकी एकच शाबूत सापडला, तो घानामध्ये. का, तर तिथे नेमकी लाईट गेली होती!

मग भिंतीचा उपयोग कोणाला? नोव्हेंबर २०१९ मध्ये इराणमध्ये पेट्रोल महागलं, लोक रस्त्यावर आले आणि जवळजवळ आठवडाभर बाहेरचं इंटरनेट तोडलं गेलं. देशांतर्गत सेवा मात्र बऱ्याच चालू राहिल्या. काही जण याला तांत्रिक यश म्हणतात. आम्हाला नेमकं तेच खटकतं. एरवी इंटरनेट तोडलं की बँका अडतात, व्यापार अडतो, सरकारही अडतं. म्हणून हात जरा आखडतो. देशी जाळ्यामुळे तोडणं स्वस्त झालं. आणि हे फक्त इराणचं नाही हो. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमध्ये इंटरनेट परत आलं ते परवानगी दिलेल्या संकेतस्थळांच्या यादीपुरतं.

देशी सर्व्हर नकोत, असं आम्ही म्हणत नाही. न्हावा शेवाला आलेल्या मालाची बिल ऑफ एंट्री कस्टम्सच्या आइसगेटवर भरतात. समुद्राखालची केबल तुटली तरी ती भरता यायलाच हवी. पण त्या बिलासाठी लागणारं इन्व्हॉइस शांघायहून मेलने येतं. ते कुठल्या जाळ्यावर यायचं?