ड्रोन-चित्रण आणि सिंधुदुर्गाचे दस्तऐवजीकरण

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंद झालेल्या १२ दुर्गांत सिंधुदुर्गाचा समावेश आहे. १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या जलदुर्गाच्या समुद्राकडील तटाची पाहणी ड्रोनमुळे सुलभ होते, हे निर्विवाद. परस्परव्यापी छायाचित्रांतून तटाची त्रिमितीय प्रतिकृतीही सिद्ध करता येते. परंतु लाटांचा मारा सोसणारा पाण्याखालील पाया ड्रोनच्या कॅमेऱ्यास दिसत नाही. झुडपांनी झाकलेल्या भेगाही निसटतात. (नयनरम्य चित्रफितींच्या गर्दीत याचा सहज विसर पडतो!) शिवाय एकदाच केलेले चित्रण म्हणजे दस्तऐवजीकरण नव्हे. जमिनीवरील त्याच संदर्भबिंदूंच्या आधारे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर केलेल्या नोंदी परस्परांशी ताडून पाहिल्या, तरच तटाचा सरकलेला चिरा पडझडीपूर्वी लक्षात येऊ शकेल.