देवाची भूमिका आणि नटाची बिदागी

एकदा देवाचे रूप घेतलेल्या नटाला पुन्हा माणूस म्हणून प्रेक्षकांसमोर उभे राहणे कठीण जाते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. श्री. नितीश भारद्वाज यांचा विषय निघाला की हेच वाक्य हटकून ऐकू येते. आम्हांस ते अपुरे वाटते. कारण दोष भूमिकेचा की पाहणाऱ्यांचा, हा प्रश्न त्यात तसाच राहून जातो.

श्री. भारद्वाज शिक्षणाने पशुवैद्य. मराठी रंगभूमीवर उमेदवारी करून 'खट्याळ सासू नाठाळ सून' (१९८७) सारख्या चित्रपटांत ते दिसू लागले होते. तोच २ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. ९४ भागांची ही मालिका जून १९९० पर्यंत चालली. आपल्या गोव्याच्या वर्षा उसगांवकर तीत उत्तरा झाल्या होत्या. दर रविवारी सकाळी घरोघर स्नाने आटोपून मंडळी संचापुढे बसत आणि श्रीकृष्ण दिसताच कित्येकांचे हात आपोआप जोडले जात. आमचेही जोडले गेले, हे आम्ही लपवीत नाही.

परंतु जोडलेल्या हातांनी आमचे डोळेही मिटले. पंचविशीतल्या त्या तरुणाने काय साधले, हे पाहावयाचे राहूनच गेले. राही मासूम रझा यांचे संवाद भारदस्त होते; आवेशाने म्हटले असते तर टाळ्या सहज मिळाल्या असत्या. श्री. भारद्वाज यांनी बहुधा आवाज खालच्या पट्टीतच ठेवला. शिष्टाई फसल्यावर कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगणारा कृष्ण उपदेशकाचा आव न आणता एखाद्या आप्तासारखा बोलतो. गीतोपदेशातही अर्जुनाचे ऐकून घेणारी त्यांची मुद्रा शब्दांइतकीच बोलकी आहे. उणीव दाखवावयाची तर ती त्या प्रसिद्ध स्मिताची. काही प्रसंगी ते सवयीने येते आणि अर्थावाचून रेंगाळते. भक्तांना ते गोड वाटले. समीक्षकाने मात्र त्यावर बोट ठेवावयास हवे होते.

पुढे पद्मराजन यांच्या 'ञान् गंधर्वन्' (१९९१) या मल्याळम चित्रपटात ते गंधर्व झाले. म्हणजे अलौकिकत्व तेथेही सुटले नाही. १९९६ साली ते जमशेदपूरहून लोकसभेवर निवडून गेले. 'विष्णुपुराण' मालिकेत पुन्हा विष्णूचेच रूप त्यांच्या वाट्याला आले. सुधा मूर्ती यांच्या कथेवरील 'पितृऋण' (२०१३) हा मराठी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. 'केदारनाथ' (२०१८) मध्ये ते नायिकेचे पुरोहित पिता झाले. ही वाटचाल रिकामी नाही. तरीही प्रत्येक वळणावर आम्ही त्यांच्या डोक्यावर मोरपीस शोधीत राहिलो.

आमच्या दशावताराने या बाबतीत फार शहाणपणाची रीत घालून दिली आहे. जत्रेत रात्रभर नट देव असतो. पहाटे दहीकाला झाला की रंग पुसून तो माणसांत येतो. रंग चढलेला असताना त्याला नमस्कार करणारा गावकरीच दुसऱ्या दिवशी त्याचे कोणते भाषण रंगले आणि कोणते फसले, याची चर्चा करतो. भक्ती आणि पारख एकाच अंगणात नांदतात. दूरचित्रवाणीने देव घरात आणला, पण दहीकाला मात्र केला नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत मालिका पुन्हा दाखविण्यात आली, तेव्हा बत्तीस वर्षांपूर्वीचा तो कृष्ण तसाच तरुण होता. नट मात्र साठीकडे झुकला होता.

तो दहीकाला आता आपणच करावयास हवा. श्रीकृष्णाला नमस्कार करावा, आणि मग त्याचा वेष घेणाऱ्या कलावंताला त्याची खरी बिदागी द्यावी: त्याचे काम डोळे उघडे ठेवून पाहावे. देवाच्या भक्तीत त्याने काही उणे येणार नाही, आणि नटाचे फार दिवसांचे देणे फिटेल.