झोलाचा वंशवृक्ष आणि मेंडेलचे वाटाणे

'खाण तशी माती' ही आपली म्हण जितकी जुनी तितकीच सोयीची आहे. मुलगा बापासारखा निघाला तर ती खरी ठरते. न निघाला तर 'आजोळच्या वळणावर गेला' म्हणून पुन्हां खरीच ठरते! असल्या सिद्धान्तावर वीस कादंबऱ्यांचा डोलारा उभारण्याचें धाडस एमिल झोला ह्या फ्रेंच लेखकानें केलें. रूगाँ-माकार घराण्याची ही मालिका १८७१ पासून १८९३ पर्यंत चालली. प्रॉस्पेर ल्यूका ह्या वैद्याच्या अनुवंशावरील द्विखंडात्मक ग्रंथाचा तिला मोठा आधार होता. आदेलाईद फूक ही वेडाची छटा असलेली मूळ स्त्री, तिचा माळी नवरा आणि मागाहून तिच्याशीं राहिलेला दारुडा चोरटा व्यापारी, ह्या तिघांपासून पांच पिढ्यांचें वेड, व्यसन, खून आणि क्वचित् कर्तृत्वहि झोला उतरवीत नेतो. त्याला हें शास्त्र वाटे. आज तें शास्त्र टिकलेलें नाहीं. मग कादंबऱ्यांचें काय?

ह्या मालिकेचा पहिला ग्रंथ निघण्याच्या पांच वर्षें आधीं, १८६६ सालीं, मोरेव्हियांतील ब्र्युन (आजचें ब्रनो) येथें ग्रेगोर मेंडेल ह्या मठवासी धर्मगुरूचा एक निबंध छापला गेला होता. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा त्यानें संकर केला. पहिल्या पिढींत सारे दाणे गोल. कोणीहि म्हणावें, सुरकुती गोलपणांत विरघळून गेली. परंतु त्यांच्या पुढच्या पिढींत ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. आणि हे दाणे अर्धेमुर्धे सुरकुतलेले नव्हते, आजोबांइतकेच पुरे होते. प्रत्येक गुणाचे दोन घटक येतात, एक मातेकडून, एक पित्याकडून. ते मिसळत नाहींत, एक दुसऱ्याला केवळ झांकतो. आणि पुढचें बीज तयार होतांना ते पुन्हां विलग होतात, असें मेंडेलनें ताडलें. १९०० पर्यंत त्याच्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९९० सालीं तर सुरकुतीचें मूळहि सांपडलें: पिष्ट घडविणाऱ्या एका विकराच्या जनुकांत सुमारें ८०० अक्षरांचा आगंतुक तुकडा घुसलेला असतो, त्यामुळें पिष्ट कमी, साखर अधिक, कोंवळ्या दाण्यांत पाणी जास्त, आणि वाळतांना दाणा आकसतो.

झोलाचें रक्त मात्र रंगासारखें पाण्यांत मिसळणारें आहे. तसें असेल तर तें दर पिढीस फिकें व्हावयास हवें. पण कथेला गरज पडते तेथें तो तें दाट करतो. ह्याहून मौजेची गोष्ट झाक लांतिएची. 'लासोम्वार' (१८७७) ह्या कादंबरींत जेर्व्हेझ ह्या धोबिणीला क्लोद आणि एत्येन असे दोन मुलगे आहेत. १८९० सालीं झोलाला आगगाडीवरील कादंबरीसाठीं खुनाची वासना असलेला नायक हवा झाला, तेव्हां त्यानें जेर्व्हेझला झाक हा तिसरा मुलगा देऊन टाकला! पूर्वीं काढलेल्या वंशवृक्षावर ही फांदी नव्हतीच. मेंडेलला वाटाण्यांशीं असें वागतां आलें नसतें.

तरीहि झाक जेव्हां इंजिनाशेजारीं उभा असतो तेव्हां तो जिवंत आहे. पूर्वजांच्या दारूचा दाखला दिला जातो तेव्हां तो लांकडी होतो. 'जर्मिनाल'मधील खाणकामगारांची भूक कोणाच्याहि रक्तांतून आलेली नाहीं, आणि आमच्या मतें तीच सर्वांत श्रेष्ठ कादंबरी.

हा वाद केवळ ग्रंथांचा असता तर आम्हीं इतका विस्तार केला नसता. विवाह जुळवितांना एका वेड्या आत्याच्या नांवावर सारें घराणें निकालांत काढणाऱ्या आपल्या सुशिक्षित मंडळींची समजूत नेमकी झोलाची आहे. वेड किंवा व्यसन ह्यांत अनेक जनुकें आणि भोंवतालची परिस्थिति ह्यांचा गुंता असतो; वाटाण्याचें सोपें गणित तेथें चालत नाहीं. जेथें तें चालतें, उदाहरणार्थ आपल्या विदर्भांत व खानदेशांत आढळणाऱ्या सिकलसेल विकारांत, तेथें नियम वेगळेंच सांगतो. आईबाप दोघेहि वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. पहिल्याला झाला म्हणून पुढच्या तिघांना अभय मिळत नाहीं. उलट ज्या अपत्याला तो घटक मिळालाच नाहीं, तें त्या बाबतींत निष्कलंक असतें. 'थोडासा डाग' त्याच्या वाट्यास येत नाहीं.

मालिकेच्या शेवटच्या ग्रंथांत डॉक्टर पास्कालनें आयुष्यभर जमविलेलीं घराण्याचीं टिपणें त्याची आई जाळून टाकते. वंशवृक्ष तेवढा वांचतो. त्यावर जन्माला यावयाच्या मुलाची जागा आहे. इतर नांवांपुढें कोणाकडून काय आलें हें झोलानें ठामपणें मांडलें आहे. येथें मात्र त्यानें केवळ प्रश्न ठेवला आहे.